'विश्रांती द्या' एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठी शस्त्रक्रिया झालेला कुत्रा घरी सोडताना मालकाच्या हातात जी चिठ्ठी पडते, तिच्यावर बहुधा तीनच गोष्टी असतात: गोळ्यांची नावे, 'विश्रांती द्या' आणि टाके काढायची तारीख. प्लीहा काढलेला, पोटाला पीळ पडलेला, आतडे कापून जोडलेला कुत्रा एवढ्या कागदावर घरी जातो. घरची माणसे त्याचे जिवापाड करतात, पण नेमके काय बघायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पशुवैद्यांनी या चिठ्ठीवर काही आकडे आणि धोक्याच्या खुणा लिहून द्याव्यात, आणि त्या नसतील तर मालकांनी मागून घ्याव्यात, यासाठी हे पत्र.

पहिला आकडा श्वासाचा. कुत्रा शांत झोपलेला असताना छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक, असे अर्धा मिनिट मोजायचे आणि आलेली संख्या दुप्पट करायची. झोपेत मिनिटाला ३० च्या आत असायला हवे. दोन-तीनदा मोजूनही जास्तच भरत असेल किंवा श्वास घेताना पोट ओढले जात असेल, तर सकाळची वाट बघू नये. मग हिरड्या. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबायची. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. पांढरट, निळसर आणि विटकरी लाल हे तिन्ही रंग वाईट. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघावा. तापमान गुदद्वारातच घ्यावे लागते: डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला जेली लावून साधारण अडीच सेंटिमीटर आत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. माणसाच्या हिशेबाने तो ताप वाटतो आणि लोक उगाच धास्तावतात. ३९.४ च्या वर किंवा ३७.२ च्या खाली गेले की मात्र फोन करायचा. नाक ओले की कोरडे, यावरून काहीही ठरत नाही. तो समज आता सोडून द्यावा. हे तिन्ही प्रकार दवाखान्यातून निघण्यापूर्वी तिथेच एकदा करून घ्यावेत. आपल्या कुत्र्याचे रोजचे काय ते कळते आणि हातही बसतो.

कोणत्या शस्त्रक्रियेनंतर कोणता दिवस धोक्याचा, हे चिठ्ठीवर जवळजवळ कधीच नसते आणि खरे तर तेच सर्वांत महत्त्वाचे. आतडे कापून जोडले असेल तर तिसरा ते पाचवा दिवस. सुरुवातीला जोड केवळ दोऱ्यावर धरलेला असतो. त्यातच सुजेमुळे कडा मऊ पडतात आणि नवे तंतू अजून पुरेसे भरलेले नसतात. जोड सुटला तर आतली घाण पोटात पसरते. दुसऱ्या दिवशी शेपूट हलवणारा कुत्रा चौथ्या दिवशी खाणे सोडतो, ओकतो, पोटाला हात लावू देत नाही, तेव्हा तो रुसलेला नसतो. त्याला त्याच तासाला दवाखान्यात न्यायला हवे. पोटाचा पीळ सोडवला असेल किंवा प्लीहा काढली असेल, तर पहिल्या ७२ तासांत हृदयाचे ठोके अनियमित पडू शकतात. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, वर जांघेकडे बोटे ठेवली की नाडी लागते. ती मध्येच चुकत असेल आणि कुत्रा उभे राहताना लटपटत असेल तर फोन. मूतखडे काढल्यानंतर दोन-चार दिवस लघवी लालसर होणे चालते, पण कुंथूनही थेंब येत नसेल तर ती तातडीची वेळ आहे.

वेदनेबद्दल गैरसमज फार. कुत्रा ओरडला तरच त्याला दुखते असे नाही. बहुतेक कुत्रे गप्प राहतात. पडायला जागा न सापडल्यासारखे पुन्हा पुन्हा उठणे, गारव्यातही धापणे, पाठ कमानीसारखी धरणे, पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर ठेवणे, कोपऱ्यात तोंड करून बसणे, या दुखण्याच्या खुणा. उलट पहिल्या रात्री लांबवर सूर लावून रडणे अनेकदा भुलीच्या आणि अफूवर्गीय औषधांच्या गुंगीमुळे असते आणि सकाळपर्यंत ओसरते. वेदनाशामक घड्याळ बघून द्यावे, 'आता बरा दिसतोय' म्हणून पाळी चुकवू नये. एकदा दुखणे चढले की तेवढ्याच औषधाने ते उतरत नाही.

आणि घरातल्या डब्यातल्या गोळ्या नकोत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होते. पशुवैद्याने दिलेले मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन हे वेदनाशामकसुद्धा स्टेरॉइडबरोबर देऊ नये. खाज किंवा दम्यासाठी आधीपासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते सांगितलेच पाहिजे. मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामके शरीरातल्या ज्या रसायनांना अडवतात त्यांच्याच जोरावर कमी पाण्यातही मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकून असतो. म्हणून जो कुत्रा पाणी पीत नाही, ओकतो किंवा काळी डांबरासारखी शी करतो, त्याची पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना विचारावे. गॅबापेन्टिन हे दुखण्यावरचे औषध द्यायचे असेल तर माणसांसाठीचे पातळ औषध वापरण्याआधी लेबल वाचावे. त्यातल्या काहींत झायलिटॉल ही कृत्रिम साखर असते आणि ते कुत्र्याला विषारी आहे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलि, अन्नातले पाणी धरून. खाण्याचा हिशेब लोक चुकवतात. पूर्ण आराम करणाऱ्या कुत्र्याला लागणाऱ्या कॅलरी काढायच्या तर वजनाला ३० ने गुणून ७० मिळवावेत. २० किलोच्या कुत्र्याला ६७० झाल्या. त्यातला चौथा हिस्सा पहिल्या दिवशी, तोही चार-पाच वेळा विभागून, आणि मग तीन-चार दिवसांत पूर्ण मापावर. बरेच दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम भरपेट घातले तर रक्तातले क्षार ढासळतात. अन्न अंगाएवढे कोमट केले की वास सुटतो आणि वासानेच कुत्रा खातो. चवीसाठी कांदा किंवा लसूण घातलेले सूप देऊ नये, त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गुंगीत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात सिरिंजने अन्न ढकलणे तर फारच वाईट, कारण ते फुप्फुसात उतरते. दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर नळीने अन्न देण्याबद्दल विचारावे. शी तीन-चार दिवस झाली नाही तरी घाबरू नये. पोट आधीच रिकामे असते आणि औषधांनी आतडी मंदावतात. लघवी मात्र २४ तासांत व्हायलाच हवी.

उठू न शकणाऱ्या कुत्र्याचे काम सर्वांत कष्टाचे. त्याला दर दोन ते चार तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. एका कुशीवर पडून राहिले की खालचे फुप्फुस नीट फुगत नाही आणि कोपर, खुबा, मागच्या पायाचा घोटा इथे कातडी दाबून काळीनिळी होते, मग फाटते. गादी किती जाड हवी? आपण तिच्यावर गुडघा टेकला आणि खाली जमीन लागली, तर ती पुरेशी नाही. दोन पायांच्या मध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवावा. मागच्या भागाचे केस कापून घ्यावेत, ओली चादर लगेच बदलावी, कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी. लघवीने भाजल्यासारखे लाल चट्टे एका रात्रीत उठतात. खाणे-पाणी देताना त्याला छातीवर बसते करून दोन्ही बाजूंना उशांचा टेकू द्यावा. उचलताना एक हात पुढच्या पायांच्या पुढून छातीला आणि दुसरा मांड्यांच्या मागून. पोटाला टाके असतील तर पोटाखाली हात किंवा टॉवेलची झोळी घालू नये. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावून ठेवू नये. गुंगीतला कुत्रा चटका बसला तरी सरकत नाही. दुखऱ्या जागी हात लागला की घरचा गरीब कुत्राही चावतो, म्हणून अशा वेळी तोंडाला जाळी घालावी. उलटी होत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र नाही.

जखमेवर स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, कोणताही लेप नको. भरत आलेल्या पेशी त्यांनी जळतात किंवा टाक्यात घाण अडकते. सकाळ-संध्याकाळ त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढावा. रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू वाढणारी सूज दिसत नाही, फोटोत दिसते. पहिल्या दोन-तीन दिवसांची थोडी लाली चालते. पू, वास, फाकलेल्या कडा, टाक्याखाली अचानक आलेला मऊ फुगा चालत नाही. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला शंकूसारखा पट्टा (कोन) नाकाच्या पुढे काही सेंटिमीटर यायला हवा. दया येऊन तो काढणारे खूप, आणि चाटून टाके उघडायला कुत्र्याला काही मिनिटे पुरतात. पायाला पट्टी असेल तर मधली दोन बोटे रोज बघावीत. नखे एकमेकांपासून फाकलेली दिसली, बोटे थंड लागली, तर पट्टी आवळली आहे आणि ती त्याच दिवशी बदलायला हवी.

आजारच असाध्य असेल तर आणखी एक कागद हवा. डॉ. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांची मोजपट्टी जगभर वापरली जाते: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त की नाही, या सातांना प्रत्येकी ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्याजोगी मानतात. हा कागद शस्त्रक्रियेआधी द्यावा. नंतर, दमलेल्या माणसांना, तो ऐकवणे क्रूर वाटते आणि म्हणून कोणी ऐकवत नाही.

चिठ्ठीच्या तळाला रात्री उचलला जाईल असा फोन नंबर हवा. संध्याकाळी कुलूप लागणाऱ्या दवाखान्याने आपला नंबर छापून भागत नाही; रात्री कुठे न्यायचे त्या जागेचा नंबर लिहावा आणि शस्त्रक्रियेची नोंद तिथे आधीच पाठवून ठेवावी.

आपली,
एक पशुवैद्यकीय परिचारिका