थायमस शोधताना

पुणे, ४ सप्टेंबर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

“कृत्रिम इस्ट्रोजेनने प्रतिकारशक्ती कमी होते म्हणतात, खरे का?” एवढे एका ओळीत विचारून तू मोकळा झालास आणि मी पंधरा दिवस उत्तर जुळवत बसलो आहे. नुसते ‘हो’ लिहिले असते तरी ते खोटे ठरले नसते. पण प्रयोगशाळेतील उंदरांनी जे दाखवले, त्यातला निम्मा भाग त्यात बुडाला असता.

बहुतेक जुने प्रयोग डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, या औषधावरचे आहेत. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी ते १९३८ साली जाहीर केले. इस्ट्रोजेन हे मुळात स्त्रीच्या शरीरातले संप्रेरक. डीईएसच्या रेणूची ठेवण त्या नैसर्गिक संप्रेरकासारखी नाही, तरीही ते इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर, म्हणजे संप्रेरक पकडून घेणाऱ्या पेशीतील रेणूंवर, अचूक बसते. शिवाय स्वस्त आणि तोंडाने घेता येणारे. अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून ते गरोदर स्त्रियांना वर्षानुवर्षे दिले गेले. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमधील योनीच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा संबंध त्यांच्या आयांनी घेतलेल्या या औषधाशी आढळला आणि मग हे रसायन शरीरात आणखी काय करते, हे नव्याने तपासण्याची निकड निर्माण झाली. प्रतिकारशक्तीचा प्रश्न त्याच ओघात आला.

विद्यार्थिदशेत मी असा औषध दिलेला उंदीर पहिल्यांदा उघडला, तो प्रसंग अजून आठवतो. निरोगी तरुण उंदरात हृदयाच्या वर थायमस ग्रंथी दिसते: दोन पांढुरक्या पाकळ्या, चिमट्याने उचलावे तर ओल्या टिश्यू पेपरासारख्या लोंबणाऱ्या. त्या उंदरात तिथे जवळजवळ काहीच नव्हते. ती माझ्याच हातून चिमट्याला लागून तुटली असावी, असे वाटून मी ट्रेमध्ये शोधत राहिलो. ग्रंथी हरवली नव्हती, आक्रसली होती. टी पेशी, म्हणजे प्रतिकाराचे काम करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात त्या याच ग्रंथीत, आणि इस्ट्रोजेनचे ग्राही तिथेही असतात. गरोदरपणात ती आपोआपही लहान होते, तेव्हा हा परिणाम निसर्गाला अगदीच अनोळखी नाही.

खरी गंमत पुढे आहे. उंदराच्या शिरेत शाईसारखे कार्बनचे बारीक कण सोडून ते रक्तातून किती वेगाने नाहीसे होतात हे मोजण्याची एक जुनी रीत आहे. ते कण यकृतातील आणि प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात. इस्ट्रोजेन दिलेल्या उंदरांत हे कण नेहमीपेक्षा लवकर साफ होतात. एवढेच पाहणाऱ्याने प्रतिकारशक्ती वाढली असे म्हटले असते. त्याच तऱ्हेच्या उंदरांना लिस्टेरिया हा जिवाणू टोचला की मात्र ते साध्या उंदरांपेक्षा सहज बळी पडतात. कारण लिस्टेरिया भक्षक पेशीच्या पोटातच तग धरतो. त्याला मारायचे तर त्या पेशीला टी पेशींकडून चेतवणी मिळावी लागते, आणि या उंदरांत टी पेशींचा इंटरल्यूकिन-२ हा निरोपच कमी निघत होता. झाडूवाले वाढले, पहारेकऱ्यांची शिट्टी मात्र वाजेना, असे म्हण हवे तर.

औषध कोणत्या वयात मिळाले, यानेही सगळे बदलते. नॉर्वेत कालांड या संशोधकांनी नवजात मादी पिल्लांना जन्मानंतरचे पहिले पाच दिवस डीईएस दिले आणि थांबवले. औषध केव्हाच शरीराबाहेर गेले असेल, पण त्या माद्या मोठ्या झाल्यावरही त्यांच्या नैसर्गिक मारक पेशींचे, म्हणजे बिघडलेल्या पेशींना थेट मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, काम मंदच राहिले. दोष अस्थिमज्जेत, त्या पेशींच्या पूर्वज पेशींपर्यंत पोचला होता. मला स्वतःला हा निष्कर्ष थायमसपेक्षा अधिक अस्वस्थ करणारा वाटतो.

आणि उलट बाजूही आहे. ल्यूपससारखा आजार आपोआप होणाऱ्या एका उंदराच्या जातीत, १९७८च्या सुमारास, नैसर्गिक इस्ट्रोजेनने तो आजार बळावला. तिथे शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे वाढवत होते. म्हणून ‘कमी होते’ या शब्दावर मी अडलो: एक बाजू दबते, दुसरी उसळते.

वहिनींच्या गोळ्यांची काळजी तुझ्या प्रश्नामागे आहे, हे मी ओळखले आहे. प्रौढ उंदरांना दिलेल्या मात्रा वजनाच्या किलोमागे काही मिलिग्रॅमपर्यंत जात. ऐकायला ही मात्रा अघोरी वाटते, पण त्या काळी गरोदर बाईला डीईएस रोज ५ मिलिग्रॅमपासून चढवत ३५व्या आठवड्यापर्यंत १२५ मिलिग्रॅमवर नेत, म्हणजे साठ किलोच्या बाईला किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या वर. आजच्या नेहमीच्या संततिनियमनाच्या गोळीत एथिनिल इस्ट्राडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन साधारण २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दोन्ही औषधे वेगळी, त्यामुळे या आकड्यांचा सरळ भागाकार करू नकोस. पण उंदराचा थायमस पाहून वहिनींना गोळी बंद करायला सांगू नकोस. त्यांना काही त्रास होत असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोला, आणि तो काय आहे ते मलाही कळव.

तुझा,
माधव