पहिलीच नोटीस मराठीत हवी
थकीत गृहकर्जापोटी घरे ताब्यात घेण्याविषयीचा आपला लेख वाचला. बँकांना थकीत कर्जापोटी तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्याखालील नियमांनुसार, ताबा घेतल्यावर त्याची सूचना स्थानिक भाषेतील दैनिकात छापावीच लागते. त्याआधीची, थकबाकी ६० दिवसांत भरा असे सांगणारी मागणी नोटीस मात्र बहुधा इंग्रजीत, कलमांनी भरलेली येते. घरचे सही करून ती घेतात आणि घाबरून कपाटात ठेवून देतात. वास्तविक त्याच मुदतीत लेखी हरकत घेता येते, आणि ती फेटाळायची तर बँकेला १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात. दारावर ताब्याचा कागद डकवल्यावर मराठीत वाचून काय उपयोग? पहिलीच नोटीस मराठीत आणि हरकतीचा हक्क ठळक छापून देण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने करावी.
– एक वाचक, सातारा