स्कॉलरशिप आहे हो, पण सांगणारं कोणी पाहिजे

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात पेढा भरवतानाचे फोटो येतात, चांगलंच आहे, पण त्यातली किती पोरं पुढं महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवरच्या, फॉर्मवर अडकून बसतात ते कुठंच छापून येत नाही म्हणून हे पत्र.

मी घाटंजी तालुक्यातला. बाबा दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं जायचे, आई कापूस वेचायची. अमरावतीला डिप्लोमाला नंबर लागला पण फर्स्ट इयरची स्कॉलरशिप काही केल्या हातात येईना. पोर्टलवर दाखवे पैसे जमा, खात्यात शून्य. कॉलेजचा बाबू म्हणे ब्यांकेत जा, ब्यांकवाले म्हणत कॉलेजात विचार, वरून फी बाकी म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवला आणि खरं सांगतो मी बॅग भरून ठेवली होती. तेव्हा रूमजवळच्या एका सिनियर दादानं विचारलं, "अबे, तुयं आधार कोणत्या ब्यांकेले जोडेल हाये ते तं पाय पयले!" डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा आधार ज्या खात्याला जोडलं तिथंच जातो, आपल्या हातात कोणतं पासबुक आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही, हे मला कोण सांगणार होतं. शाळेत असताना झिरो ब्यालन्सचं एक खातं काढलं होतं, त्याचं पासबुक आईच्या लोखंडी पेटीत साड्यांखाली. आठ महिने पैसे तिथं पडून होते साहेब, आणि मी इकडं एका टायमाच्या डब्यावर.

त्या दादानं नंतर बरंच शिकवलं. अर्ज कसा लिहायचा, उत्पन्नाचा दाखला जुना झाला की फॉर्म वापस येतो म्हणून सेतूवर जूनमधेच जायचं, इंटरव्ह्यूत येत नसलं तर सरळ येत नाही म्हणायचं, थापा मारायच्या नाही. आज मी एमआयडीसीत परमनंट आहे, बहिणीच्या लग्नात सावकाराच्या दारी जायचं काम पडलं नाही.

योजना कमी नाहीत. आठवीत एनएमएमएस ही गरीब घरच्या पोरांसाठीची स्कॉलरशिपची परीक्षा निघाली तर नववी ते बारावी महिन्याला 1000 रुपये, होस्टेलला नंबर नाही लागला तर एससीच्या पोरांना राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी स्वाधार योजना, कास्तकार-मजुरांच्या पोरांसाठी भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांच्या नावानं निर्वाह भत्ता. पण गावात विचारा, निम्म्या लोकांना नावंही माहीत नाही. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलंच नाही त्यानं विचारावं तरी कोणाला? बाबासाहेबांना बडोद्याच्या महाराजांची महिना 25 रुपयांची स्कॉलरशिप मिळाली हे सगळे सांगतात, पण त्यांना महाराजांकडं घेऊन जाणारे केळुसकर गुरुजी होते हे कोणी सांगत नाही. यवतमाळात एकलव्यसारखी संस्था हेच काम करते, मोठ्या युनिव्हर्सिट्यांचे फॉर्म भरण्यापासून पोरांच्या मागं लागते, पण एक संस्था किती गावांना पुरणार.

काही लोक म्हणतात फुकटच्या पैशानं पोट्टे बिघडतात. बिघडत असतील एखाद-दोन, मला तर फॉर्म रिजेक्ट झाला म्हणून पुण्याला वॉचमनकीला गेलेलेच जास्त माहीत आहेत, आमच्याच गल्लीतला एक तर माझ्यापेक्षा गणितात हुशार होता.

तुम्हाला विनंती एवढीच की निकालाच्या पानावर फोटोखाली लागणाऱ्या कागदांची यादी अन् शेवटची तारीख चौकटीत छापा, आणि कॉलेजांनी मागच्या वर्षी पास झालेली दोन-चार पोरं फॉर्मच्या दिवसांत टेबल लावून बसवावी, बाबूपेक्षा त्यांना जास्त कळते. आम्ही तिघं मित्र यंदा दर रविवारी गावच्या जिल्हा परिषद शाळेत सकाळी दहापासून बसणार आहोत. मोबाईल नसला तरी चालते. आधार अन् घरात असतील नसतील तेवढी सगळी पासबुकं घेऊन या, पेटीतलंही.

आपला,
एक वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ