तो चित्ता नाही, पट्टेरी वाघ आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण बेल्जियमच्या एफ-16 विमानाचे छायाचित्र अर्धे पान भरून छापलेत. छायाचित्र सुरेख होते. खाली ओळ होती, ‘चित्त्याच्या रंगात लढाऊ विमान’. शेजारच्या चौकटीत या सगळ्याला ‘लष्कराची रंगपंचमी’ म्हटले होते आणि असल्या हौसेवर जनतेचा पैसा का उडवावा, असा सवालही होता. चित्त्याच्या अंगावर ठिपके असतात, पट्टे नसतात. ती चूक एक वेळ सोडून देते. ‘रंगपंचमी’ मात्र मनाला लागली, म्हणून हे पत्र.

मी गेली बावीस वर्षे 1:72 प्रमाणातली विमानांची मॉडेल्स बनवते. वीतभर लांबीचे विमान, त्यावर अंगठ्याएवढी शेपटी. त्या शेपटीवर वाघ उतरवायचा तर आधी पांढरा थर द्यावा लागतो, कारण पिवळा रंग करड्या प्लास्टिकवर बसतच नाही. मग पिवळ्याचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा आणि शेवटी तीन शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशने काळे पट्टे. पहिल्या वेळी मी दोन्ही बाजूंचे पट्टे मोजूनमापून सारखे काढले, तर वाघाऐवजी पडद्याचे कापड दिसू लागले. खऱ्या वाघाची डावी बाजू उजवीसारखी नसते, हे तेव्हा डोक्यात शिरले. ते विमान फ्रान्सच्या ‘कांब्रेझी’ स्क्वाड्रनचे, म्हणजे हवाई दलातल्या त्या नावाच्या पथकाचे, मिराज 2000 होते. शेपटीवर नेमका वाघच का, हे शोधायला बसले आणि त्यातून पुढचे सगळे कळत गेले.

फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धातल्या छोट्या तुकड्यांची बोधचिन्हे जपून ठेवण्याची रीत आहे. तुकडी मोडली तरी तिचे चिन्ह नव्या स्क्वाड्रनच्या हवाली करतात. कांब्रेझीचा वाघ असाच 162 क्रमांकाच्या तुकडीकडून आलेला, 1918 सालचा. करकोचा तर त्याहून जुना. 1917 मध्ये बेपत्ता झालेला गिनमेर आणि पंच्याहत्तर विमाने पाडणारा फोंक हे दोघे वैमानिक ज्या गटात होते, त्या गटातल्या प्रत्येक तुकडीच्या विमानावर करकोचाच असे, फक्त त्याची उडण्याची ढब निराळी. लांबून करकोचा दिसला की गट कळायचा, पंखांची ठेवण पाहिली की तुकडी कळायची. हे पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता वाघांविषयी. 1960 साली फ्रान्सचे संरक्षणमंत्री पिएर मेस्मेर यांनी सुचवले की नाटो देशांच्या ज्या स्क्वाड्रन्सच्या चिन्हात वाघ आहे, त्यांनी एकत्र यावे. इंग्लंडमधल्या वुडब्रिज तळावर अमेरिकेची 79 क्रमांकाची स्क्वाड्रन होती. तिने ते मनावर घेतले. 19 जुलै 1961 रोजी तिथे तीन स्क्वाड्रन्स जमल्या: यजमान 79, ब्रिटनची 74 आणि फ्रान्सची कांब्रेझी. तारखेकडे पाहा. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, 13 ऑगस्टला, बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली. युद्ध पेटलेच तर या माणसांना खांद्याला खांदा लावून लढायचे होते. एकमेकांचा आवाज, सवयी, विमाने त्यांना ठाऊक असायला नकोत का? निरनिराळ्या देशांच्या वैमानिकांना, तंत्रज्ञांना एका टेबलाशी आणायला निमित्त लागते. ते निमित्त वाघाने दिले. त्या भेटीतूनच पुढे वाघांचा मेळावा, ‘नाटो टायगर मीट’, सुरू झाला.

1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष दगॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या संयुक्त लष्करी कमांडमधून बाहेर काढले. कांब्रे तळावरच्या वाघांचे, म्हणजे कांब्रेझीचे, येणे मात्र थांबले नाही. पुढे मेळाव्याचे यजमानपदही त्यांनी घेतले. स्वित्झर्लंड कुठल्याच लष्करी गोटात नाही, तरी तिथली 11 क्रमांकाची स्क्वाड्रन या वाघांत गणली जाते. ग्रीसच्या अराक्सोस तळावरची 335 आणि तुर्कस्तानच्या बालिकेसिरची 192, दोघीही वाघ. एजियन समुद्रावरच्या हद्दीवरून या दोन देशांची लढाऊ विमाने वर्षानुवर्षे एकमेकांच्या पाठी लागत आली आहेत, आणि याच दोन देशांच्या स्क्वाड्रन्स एका चिन्हाखाली एका संघटनेत नांदतात. याला रंगपंचमी म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

मेळाव्यात फक्त शेपट्या रंगवत नाहीत, हेही आपल्या वाचकांना सांगायला हवे होते. वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या जातींची विमाने एकाच मोहिमेत उतरवायची, कोणी हल्ला करायचा, कोणी संरक्षण द्यायचे, कोणी शत्रू व्हायचे, असा रोजचा सराव असतो. जोडीला खेळ असतात, सोंगे असतात आणि शेवटी सर्वोत्तम स्क्वाड्रनला चांदीचा वाघ मिळतो. पैशाचा मुद्दा असेल तर हेही लिहिते की यातले पुष्कळसे रंगकाम तात्पुरते असते, मेळावा आटोपला की विमान पुन्हा करडे होते.

सगळे वाघच आहेत असेही नाही. पोर्तुगालची 301 जॅग्वार लावते, हंगेरीची केच्केमेतची स्क्वाड्रन प्यूमा. कॅनडाच्या 439 च्या चिन्हात तर सुळेदात्या वाघ होता, जो हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाला. अख्ख्या मार्जारकुळाला दार उघडे आहे. (आपल्या चित्त्यालाही मिळाली असती जागा, फक्त त्या छायाचित्रात तो नव्हता.)

पण ज्यासाठी मी लिहायला बसले, ते पुढे आहे. पहिल्या तिघींपैकी आज एकच उरली आहे. ब्रिटनची 74 म्हणजे पहिल्या महायुद्धात मॅनॉक या वैमानिकाची स्क्वाड्रन, 1940 मध्ये ‘सेलर’ (खलाशी) मलानची. मलान मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, आधी व्यापारी जहाजांवर होता म्हणून हे नाव पडले. त्याच्या हाताखाली 74 ची स्पिटफायर्स लंडनच्या आकाशात लढली. लायटनिंग हे स्वनातीत विमान ब्रिटनमध्ये सर्वांत आधी मिळाले तेही 74 ला. तिचे ब्रीद होते, ‘मी कोणालाही भीत नाही’. 2000 साली ती मोडली. 2012 मध्ये कांब्रेचा तळ बंद झाला, कांब्रेझीही मोडली. अमेरिकेची 79 तेवढी साउथ कॅरोलायनात एफ-16 उडवते आहे. पण कांब्रेझीचा 162 चा वाघ फ्रेंचांनी पेटीत बंद केला नाही. मों-द-मार्सां इथल्या राफेल उडवणाऱ्या स्क्वाड्रनने तो घेतला. विमान बदलले, गाव बदलले, माणसे बदलली, वाघ 1918 चाच.

आपल्याकडेही वाघ आहेत. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, ‘टायगर्स’, 1 एप्रिल 1933 रोजी कराचीत चार वापिती विमानांवर उभी राहिली. सुब्रतो मुखर्जी तिचे पहिले भारतीय प्रमुख. इंफाळच्या लढाईत ती अर्जन सिंगांच्या हाताखाली होती. फाळणीत तिची विमाने पाकिस्तानकडे गेली आणि क्रमांक गोठवला गेला. 1953 मध्ये तो क्रमांक पुन्हा जिवंत केला. आज हे वाघ ग्वाल्हेरला मिराज 2000 उडवतात, म्हणजे कांब्रेचे वाघ उडवत होते तेच विमान. माझ्या कपाटात ही दोन मिराज शेजारी शेजारी ठेवली आहेत.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला. आपण दोन पाने दिलीत. विमानाचा वेग, उंची, कोणत्या युद्धात काय केले, अपघात, सगळे होते. पण त्या दिवशी जी शेवटची मिग-21 उडाली ती 23 क्रमांकाच्या ‘पँथर्स’ स्क्वाड्रनची होती, हे दोन पानांत कुठेही नव्हते. मी दोनदा वाचून खात्री केली. विमान निवृत्त होते. स्क्वाड्रनचा क्रमांक आणि चिन्ह पुढच्या विमानाची वाट पाहत थांबते, आणि त्या चिन्हाखाली ज्यांनी नोकरी केली, ज्यांची माणसे परत आली नाहीत, त्या घरांसाठी विमानाच्या नावापेक्षा ते चिन्ह जवळचे असते. बातमीत ‘मिग-21’ लिहायला जितकी जागा लागते, तितक्याच जागेत ‘23, पँथर्स’ मावते.

तेव्हा विनंती एवढीच की लढाऊ विमानाची बातमी किंवा छायाचित्र छापताना विमानाच्या नावाबरोबर स्क्वाड्रनचा क्रमांक आणि नाव द्यावे, आपल्या हवाई दलाचे असो वा परक्या. सुरुवात त्या रविवारच्या छायाचित्रापासून करता येईल. दुरुस्ती छापणार असाल तर ओळ अशी हवी: ‘बेल्जियमची 31 क्रमांकाची स्क्वाड्रन, तळ क्लाइने ब्रोगेल. आधी थंडरस्ट्रीक, मग स्टारफायटर, आता एफ-16. शेपटीवर पट्टेरी वाघ.’

आपली,
रोजची वाचक