एन्कोडर बदलला, बिघाड मात्र वायरीतच राहिला

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: ट्रान्सपॉन्डरवरून चुकीची उंची जाणे आणि विनाकारण बदललेल्या एन्कोडरचे पैसे परत मिळणे

महोदय,

माझ्या चार आसनी विमानात ट्रान्सपॉन्डर (कंट्रोलरच्या रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारे यंत्र), एन्कोडर (हवेच्या दाबावरून उंची मोजून ती ट्रान्सपॉन्डरला देणारी डबी) आणि त्यांच्यामधली वायरिंग तुमच्याच माणसांनी बसवली. त्यानंतरच्या तिसऱ्या उड्डाणात 4500 फुटांवर असताना कंट्रोलरने विचारले, "तुमची उंची किती? मला 3000 दिसतेय." अल्टिमीटरवर (माझ्यासमोरच्या उंचीमापकावर) 4500 होते, ट्रान्सपॉन्डरच्या पडद्यावर 030, म्हणजे 3000 फूट. लगेच उंची पाठवणे बंद करण्याची सूचना आली आणि उरलेला प्रवास नुसत्या ओळख-कोडवर झाला. आसपासच्या विमानांची टक्करविरोधी यंत्रणा हाच आकडा वाचते, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमचे पहिले उत्तर होते: "अल्टिमीटरचे सेटिंग तपासा." दुसऱ्यांदाही तेच. अहो, एन्कोडर स्वतंत्र डबी आहे, तिला हवेचा दाब जुळवायचा नॉबच नाही. ती कायम 1013.25 हेक्टोपास्कल धरूनच मोजते. मी अल्टिमीटरचा नॉब कितीही फिरवला तरी तिला पत्ता लागत नाही. शिवाय त्या दिवशी क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा, समुद्रसपाटीला धरलेला स्थानिक दाब) 1013 च्याच आसपास होता.

मग विमान तुमच्या वर्कशॉपमध्ये आणले. तुम्ही एन्कोडर बदलला, जमिनीवरच उंची पाहिली, ती बरोबर आली आणि "ठीक" असा शेरा मारला. पुढच्या उड्डाणात 4500 वर पुन्हा 3000.

शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने स्टॅटिक लाइनला (बाहेरच्या हवेचा दाब या उपकरणांपर्यंत नेणाऱ्या नळीला) टेस्ट सेट जोडला, म्हणजे जमिनीवरच हव्या त्या उंचीचा दाब देता येतो. एन्कोडर गरम व्हायला वेळ दिला (थंड असताना तो उंचीच देत नाही), आणि शंभर-शंभर फुटांनी वर नेत आम्ही आकडे लिहून काढले. 1800 ते 3700 सगळे बरोबर. 3800 ला पडद्यावर 3700, 3900 ला 3600, 4000 ला 3500. आम्ही चढतोय आणि आकडा उतरतोय! 4700 ला 2800 झाले, आणि 4800 ला एकदम 6700. तिथून पुन्हा घसरत 5700 ला 5800. त्यापुढे 7700 पर्यंत पुन्हा सगळे बिनचूक.

स्टॅटिक लाइन गळत असती तर चूक वेगाबरोबर हळूहळू वाढली असती, अशा उड्या पडल्या नसत्या. एन्कोडरकडून ट्रान्सपॉन्डरकडे उंची नऊ वायरींवरून ग्रे कोडमध्ये (प्रत्येक टप्प्याला एकाच वायरीची स्थिती बदलणाऱ्या चालू-बंद संकेतांत) जाते. एखादी वायर तुटली की ठरावीक पट्ट्यांतच घोळ होतो, बाकी ठिकाणी सगळे आलबेल. कोडचा तक्ता समोर ठेवल्यावर दहा मिनिटांत बी-2 नावाच्या वायरीवर बोट पडले. मल्टिमीटर लावला तर त्या वायरीत जोडणीच नाही. ट्रान्सपॉन्डरच्या ट्रेमागच्या कनेक्टरमध्ये तिची पिन मागे सरकलेली होती, पूर्ण आत बसवलीच नव्हती. पिन दाबली, "टक" आवाज आला, आणि 4500 ला 4500 दिसू लागले.

आमचा विमानतळ सुमारे 2000 फुटांवर आहे, म्हणजे नेमका निर्दोष पट्ट्यात. म्हणूनच तुमची जमिनीवरची चाचणी पास झाली. एका उंचीवर आकडा जुळला म्हणून सही ठोकणे याला मी चाचणी म्हणत नाही. अल्टिमीटर आणि एन्कोडरमध्ये 125 फुटांपर्यंत फरक चालवून घेतात. इथे 1500 चा होता, तोही दुसऱ्या एन्कोडरसह. दोन वेगळ्या डब्या तीच चूक करत असतील तर दोष डबीत नसतो, एवढे तरी लक्षात यायला हवे होते.

माझ्या मागण्या अशा. दुसऱ्या एन्कोडरची किंमत व मजुरी परत करावी, आणि त्या मेकॅनिकचे बिलही तुम्ही भरावे, कारण पिन तुमच्या माणसाने बसवली होती. माझ्या चाचणी दाखल्यावर प्रत्येक टप्प्याचे आकडे लिहून तो नव्याने द्यावा. सध्याच्या दाखल्यावर एकच ओळ आहे. त्याच सुमारास तुम्ही वायरिंग केलेल्या इतर विमानांच्या मालकांनाही हा कनेक्टर तपासायला कळवावे.

आमच्या नोंदींचा कागद आणि कनेक्टरचा फोटो सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. आणि काढून घेतलेला पहिला एन्कोडर परत पाठवा. तो चांगला आहे.

आपला,
एक त्रासलेला ग्राहक