तुझी लेफ्टनंट कट्टर आहे का?

प्रिय मित्रा,

तुझ्या फिकचा, म्हणजे आपल्या आवडत्या अंतराळ-साम्राज्याच्या गोष्टीवर तू लिहिलेल्या फॅन फिक्शनचा, पाठवलेला सगळा ड्राफ्ट वाचला. मेसेजवर सांगायला गेले असते तर तुटक तुटक झालं असतं, म्हणून हे लांबलचक पत्र. तू विचारलंयस की साम्राज्याची मनापासून चाकरी करणारी बाई सहानुभूतीने लिहिली तर लोक म्हणतील का, की तू साम्राज्याचीच बाजू घेतोयस. म्हणणारे म्हणतीलच रे. पण मला तुझ्या ड्राफ्टमध्ये जी अडचण दिसली ती नेमकी उलटी आहे. तुझी लेफ्टनंट साम्राज्याला मानतच नाही.

बघ ना, दुसऱ्याच प्रकरणात ती केबिनमध्ये एकटी बसून रडते, तिला आतून कळतंय की हे सगळं चुकीचं आहे, ऑर्डरवर सही करताना तिचा हात थरथरतो. मग ती कट्टर कुठली? ती आपल्याच बाजूची आहे, अंगावर युनिफॉर्म तेवढा त्यांचा. आपल्याला ती आवडते कारण ती आपल्यासारखाच विचार करते, आणि असं पात्र आवडून घ्यायला काहीच कष्ट पडत नाहीत. बहुतेक फिकमध्ये हेच होतं. कॅननमध्ये, म्हणजे मूळ गोष्टीत, साम्राज्याचे सैनिक म्हणजे नुसती हेल्मेटं, त्यांना चेहरा द्यायचा म्हणून आपण लिहायला बसतो आणि चेहऱ्यासोबत गुपचूप आपली मतंही देऊन टाकतो.

मला वाटतं सुरुवात तिच्या शंकेपासून नको, तिला काय मिळालं तिथून कर. मेलिता माशमान म्हणून एक जर्मन बाई होती, जन्म 1918 चा. 1933 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, आईवडिलांना न सांगता ती हिटलरच्या युवा संघटनेत गेली. 1963 मध्ये तिने आठवणी लिहिल्या, त्याही एका जुन्या ज्यू मैत्रिणीला लिहिलेल्या पत्राच्या रूपात. त्यात तिला पक्षाकडे ओढणारी पहिली व्यक्ती कोण, तर घरी कपडे शिवायला येणारी बाई. त्या बाईच्या कोटाच्या कॉलरखाली स्वस्तिकाचा बिल्ला लपवलेला असायचा, आणि ती सांगायची की आता सगळे एक होणार, गरीब-श्रीमंत, मालक-नोकर असा भेद राहणार नाही. त्या पोरीला द्वेषाने नाही ओढलं, समतेच्या भाषेने ओढलं. माझ्यासाठी सगळ्यात भयंकर गोष्ट ही आहे, कारण त्या वयात मीही अशा बोलण्याला भाळले असते, तूही भाळला असतास.

मग 1938 च्या नोव्हेंबरमधली ती सकाळ. ज्यूंची दुकानं फोडलेली, रस्ताभर काचा. ती ते बघते आणि मनाशी म्हणते की ज्यू नव्या जर्मनीचे शत्रू आहेत, काल रात्री त्यांना त्याचं फळ मिळालं, आणि पुढे चालायला लागते, होईल तेवढ्या लवकर ते डोक्यातून काढून टाकते. बस, एवढंच. ना रडणं, ना हात थरथरणं. पुढे तीच बाई व्याप्त पोलंडमध्ये जाते, शेतकऱ्यांना घरांतून हुसकून तिथे जर्मन वंशाची कुटुंबं वसवली जात होती त्या कामात हातभार लावते, आणि ते सगळं तिला सेवा वाटतं. सेवा! तुझ्या लेफ्टनंटला ही सेवा दे. तिच्या ग्रहावर आधी लुटारूंचं राज्य होतं असं तू एका ओळीत उरकलंयस, ते नीट लिही. साम्राज्य आलं, दवाखाना आला, तिचा धाकटा भाऊ वाचला. हे खोटं नको करूस, नंतर "साम्राज्यानेच लुटारू पाठवले होते" असा ट्विस्ट तर अजिबात नको, मी हात जोडते. ती ज्याच्यावर प्रेम करते ते खरंच तिला मिळालेलं असू दे, नाहीतर ती फक्त फसवली गेलेली मुलगी ठरते आणि तिच्यावर जबाबदारी कसलीच उरत नाही.

आता तो डॉकवरचा सीन. गावंच्या गावं उचलून मालवाहू जहाजांत भरतायत आणि ती यादी तपासतेय. तू तिला तिथे कोसळवलंयस. माझी सूचना अशी की ती यादी तपासताना तिला कळतं की पाणी कमी आहे, पांघरुणं तर मोजलेलीच नाहीत, आणि ती भडकते, वरच्या अधिकाऱ्याशी भांडते, दोन तास जहाज थांबवून पाणी-पांघरुणं चढवायला लावते, आणि त्या रात्री समाधानाने झोपते. आपल्याला ती आवडली पाहिजे, खरंच आवडली पाहिजे, ती दयाळू आहे, कामाची पक्की आहे, आणि जहाज गेलंच. तिच्या दयाळूपणामुळे ते उलट जास्त सुरळीत गेलं. हा सीन जमला ना, तर तुला कुठेही "साम्राज्य वाईट असतं" असं लिहावं लागणार नाही. निवेदनात शब्दही तिचेच ठेव, ती "स्थलांतर" म्हणत असेल तर अवतरणचिन्ह न लावता स्थलांतरच.

आणि त्या रांगेतली म्हातारी. सध्या ती फक्त लेफ्टनंटकडे एकदा बघते, आणि त्या बघण्याने लेफ्टनंटच्या मनात काहीतरी हलतं. याचा मला राग आला, खरं सांगते. त्या बाईचं घर गेलंय आणि आपण तिला कुणाच्या तरी मनाची घंटा वाजवायला उभी केलीय. तिला नाव दे, तिचं काहीतरी काम असू दे जे लेफ्टनंटला कळतच नाही, म्हणजे सोबतच्या पोराची चप्पल शोधत असेल, शेजारणीशी जुन्या भांडणावरून वाद घालत असेल. ओनोदाची गोष्ट तुला माहितीच आहे, युद्ध संपलं हे न मानता 1974 पर्यंत फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावर लढत राहिलेला जपानी अधिकारी. त्याच्या निष्ठेच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात, पण त्या वर्षांत त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या हातून मेलेल्या बेटावरच्या माणसांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? सहानुभूतीने लिहिण्यातला धोका मला इथे दिसतो. मारणारा माणूस वाटला तर बिघडत नाही, पण सगळी जागा तोच खातो.

शेवटाबद्दल. तू रिडेम्प्शन आर्क म्हणालास, म्हणजे पात्राने शेवटी पापं धुऊन काढायची, शेवटच्या प्रकरणात बंडखोरांसाठी जीव देते वगैरे. नको ना रे. एका स्फोटात सगळा हिशोब मिटतो आणि तिला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. त्यापेक्षा सोव्हिएत लेखक लेव्ह कोपेलेव्हचं आयुष्य बघ. 1933 मध्ये, विशीतला पोरगा, युक्रेनमध्ये शेतकऱ्यांच्या घरातलं धान्य जप्त करणाऱ्यांमध्ये तो होता, पोरांचं रडणं त्याने कानाने ऐकलं आणि स्वतःला बजावलं की दयेने कमजोर व्हायचं नाही, हे क्रांतीसाठी आहे. आणि हाच माणूस 1945 मध्ये, लाल सेनेचा अधिकारी असताना, जर्मन नागरिकांवरचे अत्याचार बघून आवाज उठवतो आणि शत्रूबद्दल कळवळा दाखवला म्हणून तुरुंगात जातो. तेव्हाही तो कम्युनिस्टच होता! आपली सेना इतरांपेक्षा चांगली असली पाहिजे असं तो खरंच मानायचा. व्यवस्थेला तिच्याच शब्दाला धरून ठेवणारा माणूस व्यवस्थेला चालला नाही.

मला तर वाटतं तुझ्या कथेचा दुसरा भाग इथेच पडलाय. ती साम्राज्य सोडत नाही, ती साम्राज्याचे नियम पाळायला लागते. पाणी-पांघरुणांचा रिपोर्ट वर पाठवते, मग परत पाठवते, कारण नियमात लिहिलंय की स्थलांतरितांची काळजी घ्यायची, आणि तिला वाटतं वरच्यांना कळलं की ते सुधारतील. मग तिची बदली होते, मग चौकशी. चौकशीतही ती स्वतःला निष्ठावानच म्हणते. तिला कधी पूर्ण कळतं का, हे तू ठरव, पण कळलंच तर उशिरा कळू दे, आणि कळल्यावर त्या जहाजांच्या याद्यांवर तिची सही आहे हे तसंच राहू दे.

लोक काय म्हणतील त्याबद्दल एवढंच, की टॅग स्वच्छ लाव, आत काय आहे ते आधीच सांग, बाकी ज्याला वाचायचं नाही तो वाचणार नाही. आणि तो देखणा कमांडर काढून टाक. त्याच्यासोबतचे प्रेमाचे सीन तू छान लिहिलेत, पण ते आले की युनिफॉर्म नुसता रुबाबदार दिसायला लागतो आणि आपण डॉक विसरतो.

चौकशीचं प्रकरण आधी लिहून बघशील का? प्रश्न विचारणारा अधिकारीही कट्टरच ठेव, तिच्याइतकाच. दोघंही एकाच नियमपुस्तिकेतलं वाचून दाखवतायत असं काहीतरी. झालं की लगेच पाठव, कच्चं असलं तरी चालेल.

तुझीच,
पहिली वाचक