आधी बूट, मग उडी

मा. संपादक, स. न. वि. वि.

सिन्नरला माझं गॅरेज आहे. पाऊस पडला की खाणीच्या मातीत मोटरसायकल उडवायला निघालेली पोरं येतात. आरसे काढा, सायलेन्सर बदला म्हणतात. पायात मात्र चप्पल. गेल्या श्रावणात माझ्या पुतण्याची गाडी चिखलात आडवी झाली आणि पाय फूटरेस्ट आणि दगडात सापडला. घोट्यात आता दोन स्क्रू आहेत. त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. गुडघ्यापर्यंतचा, कडक तळव्याचा मोटोक्रॉस बूट (मातीतल्या मोटरसायकल शर्यतीचा) घोटा पिळू देत नाही, म्हणून खर्च आधी तिथे करावा.

मातीतल्या हेल्मेटची हनुवटी पुढे आलेली असते, म्हणजे धापा टाकताना श्वास कोंडत नाही. काचेऐवजी गॉगल लावायचा. आणि बसून नव्हे, फूटरेस्टवर उभं राहून, गुडघ्यांनी टाकी आवळून चालवायचं. दणके पाय झेलतात, कंबर वाचते.

आपल्या क्रीडा पानावर उडीचे फोटो छान येतात. स्वाराच्या अंगावर काय काय आहे, तेही दोन ओळींत छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक गॅरेजवाला, सिन्नर